अगं, निकालपत्राचं शेवटचं पान आधी वाच

"ताई, तीन वर्षं फार होतात गं, काहीतरी कर," असं तू काल फोनवर म्हणालीस आणि मग रडतच राहिलीस. रडणाऱ्या माणसाला कलमं सांगून उपयोग नसतो, म्हणून मी नुसतं ऐकून घेतलं. आज मात्र सगळं नीट लिहून पाठवते. मी वकील नाही, हे तुला ठाऊक आहे. पण वकिलाच्या ऑफिसात अपिलं टाइप करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे कुठल्या अपिलात दम असतो आणि कुठल्यात नुसतं रडगाणं, एवढं मला कळतं. हे वाच, आईलाही वाचून दाखव आणि मगच वकिलाकडे जा.

आधी एक कडू गोष्ट. तुझ्या भावाच्या कमरेला गावठी पिस्तूल सापडलं आणि खिशात दोन जिवंत काडतुसं. "मित्राने ठेवायला दिलं होतं", "गावात दोन गट आहेत, भीती वाटायची" हे सगळं मी ऐकलं. कायद्याला त्याने फरक पडत नाही. परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, मग त्यातून गोळी सुटो वा न सुटो. सातपुड्यापलीकडून, उमर्टीच्या बाजूने येणारी असली पिस्तुलं आपल्या जिल्ह्यातल्या पोरांच्या हातात खेळण्यासारखी फिरतात, आणि प्रत्येक न्यायाधीशासमोर असल्या केसेसची चळत असते. म्हणून "एवढंसं तर केलं होतं" हे वाक्य अपिलात नको आणि तुझ्या तोंडीही नको. ते ऐकलं की समोरच्याचं मन उलट घट्ट होतं.

आता घड्याळाकडे बघ. तालुक्याच्या कोर्टात प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली, म्हणजे अपील जाणार जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात. त्याला मुदत ३० दिवसांची. शिक्षा सत्र न्यायालयाने दिली असती तर अपील उच्च न्यायालयात गेलं असतं आणि मुदत ६० दिवस मिळाली असती. तुमचे ३० आहेत. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, आणि उशीर झालाच तर कारण दाखवून विलंब माफीचा अर्जही करता येतो. पण ती वेळ आणू नकोस. विलंब माफीवर सरकारी पक्षाचं म्हणणं मागवतात, त्यावर तारखा पडतात, आणि त्या तारखांचे दिवस तुझा भाऊ आत काढतो.

कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत ताबडतोब आणि फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. ती प्रत बहुधा भावाकडेच असेल, त्याच्या कपड्यांच्या पिशवीत, घडी पडलेली. तुरुंगात मुलाखतीला जाशील तेव्हा आधी ती विचार. आणि तरीही नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकून ठेव, कारण अपिलाला ती जोडावी लागते. अर्जावर केस नंबर, निकालाची तारीख आणि "अपिलाकरिता" एवढं स्पष्ट लिही. अर्ज दिल्याची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेवरच नोंदलेली असते. मुदत मोजताना त्याच दोन तारखा कामाला येतात.

प्रत हातात आली की शेवटून वाचायला लाग. हे तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. सुरुवातीची पानं फिर्याद, पंचनामा आणि साक्षीदारांची असतात. शिक्षेची मुदत ठरते ती शेवटच्या पान-दीड पानात. तिथे एक वाक्य असतंच: आरोपीस शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकले. त्यापुढे आरोपी काय म्हणाला, सरकारी वकील काय म्हणाले, आणि मग न्यायाधीशांची कारणं. बहुतेक निकालांत आरोपीचं म्हणणं एका ओळीत संपतं: मी गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी. तुझ्या भावाच्या निकालातही हेच असेल, पैज लाव. दोष सिद्ध झाल्याचं सांगितल्यावर पोरगं हादरलेलं असतं, वकील दुसऱ्या कोर्टात धावलेले असतात, आणि अशा वेळी जे दोन शब्द तोंडातून निघतात तेच कागदावर येतात.

अपिलाचा जीव त्या दीड पानात आहे. शिक्षेवर आरोपीला ऐकायचं हा नुसता उपचार नव्हे, त्याची परिस्थिती मांडायला त्याला खरीखुरी संधी द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये संता सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात हे बजावून ठेवलं आहे. म्हणून बघ: निकाल आणि शिक्षा एकाच दमात उरकलीय का? वयाचा विचार केलाय का? पहिलाच गुन्हा आहे याची नोंद आहे का? खटला किती वर्षं चालला हे लिहिलंय का? शस्त्र वापरलं नव्हतं, कुणाला इजा नव्हती, हे कुठे आलंय का? आणि एवढीच मुदत का, कमी का नाही, याचं कारण दिलंय की "वाढत्या गुन्हेगारीचा विचार करता" असं सरसकट वाक्य टाकून दिलंय? जिथे उत्तर नाही, तिथे पेन्सिलीने खूण कर. त्या खुणा वकिलाला दाखव. शिक्षेवरच्या अपिलाची कारणं म्हणजे दुसरं काही नसतं गं, या खुणाच असतात.

आता किती कमी होऊ शकते, ते बोलू. पोलिसांच्या कागदावर तू "३ सह २५" असं वाचलं असशील. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३ सांगतं की परवाना हवा, आणि कलम २५ सांगतं की नसेल तर शिक्षा काय. साध्या, म्हणजे प्रतिबंधित प्रकारात न मोडणाऱ्या, अग्निशस्त्रासाठी २५(१ब)(अ) लागतं. पूर्वी तिथे किमान १ वर्ष आणि कमाल ३ वर्षं होती. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा कडक झाला आणि आता तिथे किमान २ आणि कमाल ५ वर्षं आहेत, दंड वेगळा. शस्त्र प्रतिबंधित प्रकारातलं असेल तर २५(१अ) लागतं, आणि तिथे आता ७ ते १४ वर्षं आहेत. म्हणून कलमाचा कंस बारकाईने बघायचा. त्या एका अक्षरात पाच-पाच वर्षांचा फरक असतो.

घटनेची तारीखही बघायची. गुन्हा घडला त्या दिवशी कायद्यात जेवढी शिक्षा होती, त्याहून जास्त देता येत नाही. हे थेट संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये आहे. तुझ्या भावाची घटना २०२१ ची, म्हणजे नवीन आकडेच लागू. पण तुझ्या ओळखीत कुणाची केस २०१९ च्या आधीची असेल आणि शिक्षा नव्या आकड्यांनी झाली असेल, तर त्यांना हे आवर्जून सांग. तो मुद्दा एकटाच अपील जिंकून देऊ शकतो.

तर हिशेब असा. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना जास्तीत जास्त ३ वर्षं कैद देता येते. तुझ्या भावाला ३ दिली, म्हणजे त्यांच्या हातात होती तेवढी सगळी दिली. पहिल्याच गुन्ह्याला पूर्ण माप का, हा प्रश्न अपिलात ठणकावून विचारता येतो. खाली २ वर्षांची रेघ आहे. त्या रेघेच्याही खाली जाता येतं, पण त्यासाठी "पुरेशी आणि विशेष कारणं" न्यायाधीशांनी निकालात लिहायला हवीत. गरिबी हे विशेष कारण धरतीलच असं समजू नकोस, गरीब आरोपी रोजच येतात. गंभीर आजार, अगदी कोवळं वय, घरात सर्वस्वी त्याच्यावरच अवलंबून असलेलं अपंग माणूस, वर्षानुवर्षं रेंगाळलेला खटला आणि त्या काळातलं निष्कलंक वागणं, असं काही एकत्र आलं तर बोलायला जागा असते. म्हणून मनाची तयारी अशी ठेव की ३ ची २ झाली तरी अपील यशस्वी झालं. "सुटूनच येईल" असं आईला सांगून ठेवू नकोस.

तुला संजय दत्तची केस आठवत असेलच. आपल्याकडे बेकायदा शस्त्राची एवढी चर्चा दुसऱ्या कुठल्या खटल्यात झाली नाही. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या आरोपातून तो सुटला, पण एके-५६ आणि ९ एमएम पिस्तूल बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली २००७ मध्ये त्याला ६ वर्षं सक्तमजुरी झाली. अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. २१ मार्च २०१३ ला निकाल आला: दोष कायम, शिक्षा ६ वरून ५ वर आणली. ५ का, तर तेव्हाच्या कायद्यात त्या कलमाची किमान शिक्षा तेवढीच होती. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, ही विनंती मान्य झाली नाही. आधी भोगलेलं साधारण दीड वर्ष वजा झालं आणि उरलेल्या शिक्षेसाठी तो येरवड्यात गेला. २५ फेब्रुवारी २०१६ ला बाहेर आला. देशातले मोठे वकील उभे राहिले, सगळा देश बघत होता, तरी मिळालं ते एक वर्ष. यातून घाबरू नकोस, पण शिक्षेवरच्या अपिलात किमान मुदतीची रेघ किती पक्की असते ते समजून घे. एक वर्षही थोडं नसतं. आत असलेल्याला विचार.

आता सगळ्यात तातडीचं. अपील दाखल केलं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. त्यासाठी अपिलाबरोबरच दुसरा अर्ज लागतो: अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडावं. जुन्या फौजदारी संहितेत हे ३८९ कलम होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३० आहे. कुठला आकडा टाकायचा ते वकील बघतील, अर्ज दिलाय की नाही ते तू बघ. सत्र न्यायालयात अपील बोर्डावर यायला किती वेळ लागेल कुणी सांगावं! दोन-तीन वर्षांची शिक्षा असेल आणि अपील तेवढीच वर्षं पडून राहिलं, तर जिंकून काय हाती येणार? सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात हेच म्हटलं: ठरावीक मुदतीची शिक्षा असेल, तर स्थगितीच्या अर्जाचा उदारपणे विचार करावा, नाहीतर अपिलाला अर्थ उरत नाही. वकिलांना या निकालाचं नाव सांगायची गरज पडू नये. पण सांगितलंस तर तुझं लक्ष आहे हे त्यांना कळेल.

खरं तर ३ वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी खटल्यात जामिनावर असेल, तर शिक्षा देणाऱ्या कोर्टानेच अपिलापुरता वेळ देऊन त्याला सोडायचं असतं. विशेष कारण असेल तरच नाही म्हणता येतं. तुझ्या भावाला तो फायदा का मिळाला नाही? कारण तो तारखा चुकवत गेला, अजामीनपात्र वॉरंट निघालं आणि निकालाच्या वेळी तो आतच होता. आता सत्र न्यायालयातही सरकारी वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार: हा तारखांना येत नाही. त्याचं उत्तर आजच तयार कर. कोणत्या तारखेला का आला नाही? कामासाठी बाहेरगावी होता तर मुकादमाचं पत्र, हजेरीचा कागद. आजारी होता तर दवाखान्याचे कागद. काहीच कारण नसेल तर खोटं रचू नका. "यापुढे प्रत्येक तारखेला हजर राहीन, हवं तर दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावीन" अशी हमी द्या आणि गावातला भरवशाचा जामीनदार उभा करा, ज्याचा सातबारा त्याच्या स्वतःच्या नावावर आहे.

कागद गोळा करायला एक फाईल कर. शाळा सोडल्याचा दाखला, कारण वय तिथून सिद्ध होतं. आधी कुठे शिक्षा झालेली नाही, हे निकालपत्रातच असेल तर त्या पानाचा नंबर. कामाचा दाखला, पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक. बाबांच्या डायलिसिसचे कागद, आणि त्यांना दवाखान्यात तोच न्यायचा हे दाखवणारं काही असेल तर तेही. सुटून आल्यावर कामावर परत घेऊ, असं मालकाने लिहून दिलं तर फार चांगलं. आणि एक फरक लक्षात ठेव: गुन्हा दाखल असणं वेगळं आणि शिक्षा झालेली असणं वेगळं. त्याच्यावर मारामारीची एक केस अजून चालू आहे ना? ती लपवू नका, सरकारी वकील काढणारच. पण ती "चालू" आहे, त्यात दोष सिद्ध झालेला नाही, एवढं ठामपणे म्हणता येतं.

शिक्षेच्या आदेशात आणखी तीन बारीक गोष्टी असतात, त्या कुणी वाचत नाही. एक, वजावट. तपासात आणि खटल्यात आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा व्हायलाच हवेत. अटकेनंतरचे दोन महिने आणि वॉरंटनंतरचे चार, असे तुझ्या भावाचे सहा महिने होतात. ते आदेशात लिहिलेत का, आणि तारखा बरोबर आहेत का, ते पडताळ. दोन, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली, म्हणजे बंदी आदेश मोडला म्हणून, वेगळी शिक्षा दिली असेल तर दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत असं स्पष्ट लिहिलेलं हवं. तसं लिहिलं नसेल तर एक संपल्यावर दुसरी सुरू होते. तीन, दंड आणि तो न भरल्यास आणखी किती कैद. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही, अपील तसंच चालतं. पाच हजारांसाठी पोराला जास्तीचे महिने आत ठेवू नका.

आता तो प्रश्न, जो वकील तुला विचारतील: अपील कशावर, दोषावर की फक्त शिक्षेवर? साधारणपणे दोन्हींवर करतात. पहिली मागणी निर्दोष सोडा, आणि ते मान्य नसेल तर शिक्षा कमी करा. दोषावर लढण्यासारखं काही आहे का, हे आधी तपासून घ्यायचं. खटल्याला कलम ३९ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांची, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांची, पूर्वमंजुरी होती का? पिस्तूल जप्तीच्या जागीच लाखेने सील झालं का, आणि तेच सील प्रयोगशाळेत पोचलं का? ते गोळी झाडण्याच्या स्थितीत होतं, असा अहवाल आहे का? पंच टिकले की फुटले? यात पोकळी असेल तर दोषावर जोर द्या. पण सगळं भक्कम असेल, तर सुनावणीच्या दिवशी पुष्कळदा वकील सांगतात की आम्ही दोषावर बोलत नाही, फक्त शिक्षेवर ऐकावं. कोर्टाचा वेळ वाचतो, आणि जे खरं आहे ते मान्य केलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घ्यायला न्यायाधीशही राजी असतात. मात्र हा निर्णय वकिलाचा किंवा तुझा नाही, भावाचा आहे. शिक्षा कमी झाली तरी दोषी हा शिक्का राहतो. सरकारी नोकरी, चारित्र्य पडताळणी, सगळीकडे तो आडवा येतो. हे त्याला नीट समजावून सांगा, मग त्याला ठरवू दे.

गावात कुणीतरी तुला सांगितलंय म्हणे, की अपील केलं तर शिक्षा वाढते. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, तिचं स्वरूप बदलू शकतं, कायम ठेवू शकतं. वाढवू शकत नाही. वाढवायची असेल तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं, आणि त्यात आरोपीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. तुमच्याकडे आधीच त्या कोर्टाची पूर्ण शिक्षा झालेली आहे, त्यामुळे या भीतीने गप्प बसण्याचं कारण नाही. आणि तुझ्या शेजारणीच्या नवऱ्याने गुन्हा कबूल केला होता ना? तिलाही सांग, कबुलीवर शिक्षा झाली असली तरी शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतं अपील करता येतं.

पैशांचं. मंगळसूत्र गहाण टाकायला निघालीयस, असं आई म्हणाली. थांब. तुझा भाऊ तुरुंगात आहे, आणि कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ हेच सांगतं, आणि त्यात स्त्रियाही आहेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा आणि लोकअभिरक्षकांबद्दल विचार. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन कर. भाऊ स्वतः तुरुंगातूनही अपील पाठवू शकतो: अर्ज अधीक्षकांकडे द्यायचा, ते तो कोर्टाकडे धाडतात. खाजगी वकील लावलास तर फी आधी ठरव, पावती माग, आणि वकालतनाम्यावर भावाची सही तुरुंग अधिकाऱ्यांसमोर होऊन येते, त्याला दोन-चार दिवस लागतात हे धरून चाल.

कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीपाशी, एखादा गोड बोलणारा माणूस भेटेल. "साहेबांपर्यंत आपली ओळख आहे, एवढे द्या, काम होईल." तिथून सरळ चालू लाग. असले लोक दोन्हीकडून पैसे घेतात आणि निकाल आपल्या बाजूने लागला तर श्रेय घेतात, नाही लागला तर मोबाईल बंद. लाच देणं हाही गुन्हाच आहे. घरात एक पुरे.

भावाच्या मित्रांनाही दम भर. "भाई लवकरच बाहेर" असले स्टेटस, कमरेवर हात ठेवलेले जुने फोटो, बॅकग्राउंडला गाणं. नव्याने काही टाकू नका म्हणावं. सरकारी वकिलाने तो मोबाईल न्यायाधीशांसमोर धरला तर तुझ्या फाईलीतले सगळे दाखले फिके पडतील.

आणि मुलाखतीला गेलीस की नुसतं रडून येऊ नकोस. वीस मिनिटं असतील तर दहा मिनिटं कामाची. पिस्तूल खरं कुठून आलं, हे एकदा त्याच्याकडून ऐक. कोर्टासाठी नाही, तुझ्यासाठी. ज्यांनी दिलं ते बाहेर आहेत, आणि तो सुटून आला की पहिले तेच दारात येतील. आत वागणूक चांगली ठेव म्हणावं. काम दिलं तर करावं, शिकायची सोय असेल तर नाव घालावं, भांडणात पडू नये. तुरुंगातली सूट हा अपिलाहून वेगळा मामला आहे, तो कारागृहाच्या नियमांनी चालतो. पण चांगल्या वागणुकीचा दाखला दोन्हीकडे उपयोगी पडतो.

सत्र न्यायालयाने ऐकलं नाही तर पुढे उच्च न्यायालयात पुनरीक्षण आहे, त्याला ९० दिवस असतात. आपल्या सांगलीकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. पण पुनरीक्षणात पुराव्याची चाळणी पुन्हा पहिल्यापासून होत नाही, तिथे मुख्यतः कायद्याची किंवा न्यायाची ठळक चूक बघतात. म्हणून जे मांडायचं ते सत्र न्यायालयातच मांडून घ्या. "पुढे बघू" म्हणणारा वकील बदल.

तुला वाटेल, ताईने धीर द्यायचा सोडून कामांची यादीच दिली. अगं, धीर याच यादीत आहे. "माझा भाऊ चांगला आहे" हे प्रत्येक बहीण सांगते आणि बहुधा ते खरंही असतं, पण न्यायाधीशांना ते कशावरून मानावं हे कागदाने सांगावं लागतं. निकाल लागून आठ दिवस होऊन गेलेत. उद्या कोर्ट उघडल्याबरोबर नक्कल विभागात अर्ज टाक, तिथूनच विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, आणि संध्याकाळी मला फोन कर. मंगळसूत्र गळ्यातच राहू दे.